पार्श्वभूमी : कारभारी कोण?

चर्चच्या मंडळीची निवडणूक जवळ आली की कोल्हापुरात बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा १२ वा अध्याय हमखास उघडतो. ज्याला पुष्कळ दिले त्याच्याकडून पुष्कळ मागितले जाईल, हे ४८ वे वचन सगळ्यांना पाठ. वाद त्याच्या अलीकडच्या ४१ व्या वचनाचा आहे. तिथे येशूचा शिष्य पेत्र विचारतो, धन्याची वाट पाहणाऱ्या चाकरांचा हा दाखला (बोधकथा) आम्हां शिष्यांना की सगळ्यांना? याचे सरळ उत्तर येशूने दिलेले नाही. उलट त्यानेच प्रश्न टाकला, की विश्वासू आणि शहाणा कारभारी कोण?

पहिल्या शतकात उत्तर दोन्ही बाजूंनी निघाले. शिक्षक व्हायला फार जणांनी पुढे येऊ नये, शिक्षकांचा न्याय कडक होईल, असे याकोबाच्या पत्रात आहे; म्हणजे जबाबदारी पुढाऱ्यांची. पण अंत्युखिया शहरात ज्यांना पहिल्यांदा ‘ख्रिस्ती’ म्हटले ते सरसकट ‘शिष्य’ होते (प्रेषितांची कृत्ये ११:२६). पुढे मठवासी एकीकडे आणि संसारी एकीकडे अशी वाटणी झाली, सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेने ती मोडायचा प्रयत्न केला, आणि तो प्रयत्न अमेरिकन मिशनऱ्यांच्या सामानातून १८५२ साली कोल्हापुरात उतरला.

इथे मात्र शब्दच आधीपासून वापरातले होते. ‘शिष्य’साठीच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता ‘शिकणारा’. मराठीत शिष्य म्हणजे अनुग्रह घेतलेला, आणि नरसोबाची वाडी हे दत्तक्षेत्र ज्यात आहे त्या मुलखात त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नव्हता. माझ्या मते तालमीतला ‘पठ्ठा’ जास्त जवळचा. पठ्ठा आखाड्यात उतरला की अमक्या वस्तादांचा म्हणूनच पुकारला जातो. चीतपट झाला तर पाठ त्याची लागते, मान वस्तादांची खाली जाते. पण हा शब्द उपासनेत कुणी आणला नाही, आणि आता आणला तर लोक हसतील.

‘कारभारी’ची गत त्याहून गुंतागुंतीची. मराठी बायबलात हाच शब्द आहे. संस्थानात कारभारी म्हणजे दरबाराच्या वतीने राज्यकारभार पाहणारा. १८४४ मध्ये, मिशन येण्याच्या आठच वर्षे आधी, इंग्रजांनी नेमलेल्या कारभाऱ्याच्या राज्यात गडकऱ्यांच्या (गड सांभाळणाऱ्या शिपायांच्या) जमिनी मामलेदारांकडे गेल्या आणि सामानगडावरून बंड पेटले. त्या पिढीच्या कानाला ‘विश्वासू कारभारी’ कसा लागला असेल? दुसरीकडे शेतकऱ्याच्या घरात कारभारी म्हणजे नवरा, घरधनी. दाखल्यातला कारभारी तर घरधनी नव्हेच. तो चाकरांपैकीच एक, फक्त शिध्याच्या कोठीची किल्ली त्याच्याकडे. हा फरक पुसला गेला, आणि किल्ली असणारा तो मालक हे समीकरण बसले.

१८७० मध्ये हे काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले आणि निवडून दिलेल्या ‘वडिलांची’ (एल्डर, म्हणजे मंडळीचे पंच) पद्धत रुळली. ही पद्धत मुळात पुष्कळांच्या खांद्यावर भार टाकणारी. मात्र जमीन, शाळा, दवाखाने, बंगले मिशनच्या हातात होते तोवर ‘पुष्कळ दिले’ याचा अर्थ वचन, शिक्षण, बाप्तिस्मा असाच लावता येत होता.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च-पंथांचे एकीकरण होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले. बिशपांशिवाय चाललेल्या मंडळ्या बिशपांच्या व्यवस्थेत आल्या. आमची मंडळी त्यात गेली की नाही, गेली असेल तर ठराव कुणी केला, सभासदांना विचारले का, आणि म्हणून मिळकत कुणाची, यावर पश्चिम भारतात ठिकठिकाणी तट पडले. दोन्ही बाजूंकडे कागद आहेत. पण ज्यांच्या बाप्तिस्म्याची नोंद मंडळीच्याच रजिस्टरात आहे त्या साध्या सभासदांना निकाल कळला तो बहुतेक वेळा नोटीस दारावर चिकटल्यावर, एवढे म्हटले तर कुणी रागावू नये. तेव्हापासून ‘पुष्कळ’ म्हणजे सिटी सर्व्हे नंबर.

२००५ मध्ये गुजरातमधल्या अशाच एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मिळकतीचा हा तंटा दिवाणी कोर्टाचा नाही, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालच्या अधिकाऱ्यांपुढे न्यावा. त्यामुळे लूकचा कारभारी आता धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ‘विश्वस्त’ म्हणून उभा राहतो. शब्द बायबलातल्या ‘विश्वासू’ला लागूनच आहे, पण तिथे विचारतात हिशेबपत्रके आणि बदल अहवाल (विश्वस्त बदलल्याची नोंद).

कापणीच्या सणाला उपासनेनंतर लिलाव होतो. गुळाची ढेप, नारळ, एखादी कोंबडी. दोन तटांचे लोक एकाच ढेपेवर बोली चढवतात, आणि बाजारात मिळते त्याच्या तिप्पट किमतीला ती जाते. हा पैसा कोणत्या खात्यात भरायचा, यावर गेल्या खेपेला तासभर चर्चा झाली. दृढीकरणाचा (बाप्तिस्मा झालेल्या मुलांना पूर्ण सभासद करून घेण्याच्या विधीचा) वर्ग ज्या खोलीत भरतो तिला तेव्हा दोन कुलपे होती, एकेका तटाचे एकेक. मुले ओट्यावर बसून लूकचा १२ वा अध्याय वाचत होती.