भिंतीला भोक पडत नाहीये? ड्रिल घ्यायच्या आधी एवढं वाचा

दुकानात रोज कोणीतरी येतं आणि म्हणतं, एक चांगलं ड्रिल द्या हो, मग आम्ही विचारतो भिंत कसली आहे, तर समोरचा असा बघतो जणू आम्ही पत्रिकाच मागितली. पण कुठलं ड्रिल लागणार हे भिंतच ठरवते, म्हणून हा कागद छापलाय. फुकट आहे, घरी न्या.

आता पुण्यातच बघा. पेठेतल्या जुन्या घरात वीट, वाड्यात तर कुठे वीट कुठे काळा दगड आणि माती. साध्या बिल्डिंगीत कॉलम-बीम काँक्रीटचे आणि मधल्या भिंती विटेच्या. आणि हिंजवडी-वाकडकडच्या नव्या टॉवरमध्ये बऱ्याच ठिकाणी मायवान, म्हणजे अॅल्युमिनियमचे साचे लावून अख्खी भिंतच काँक्रीटची ओततात, आत सळया. काही ठिकाणी सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटचे ब्लॉक. वरून सगळीकडे पुट्टी आणि रंग सारखाच, बघून काय कळणार.

कळतं ते भुकटीवरून. कपाटामागे वगैरे, दिसणार नाही अशा जागी 6 एमएमचं एक भोक पाडा. सुरुवातीला अर्धा-पाऊण इंच प्लास्टरची राखाडी भुकटी येईल ती सोडून द्या, त्याच्या पुढे काय येतं ते बघायचं. लाल आली तर वीट. ड्रिल लोण्यात गेल्यासारखं गेलं आणि फिकट भुसभुशीत चुरा पडला तर सिपोरेक्स. आणि राखाडी, पिठासारखी बारीक भुकटी चिमूटभर येऊन ड्रिल जागच्या जागी गुरगुरत राहिलं तर समजा काँक्रीट लागलं.

वीट असेल तर साधं 13 एमएमचं इम्पॅक्ट ड्रिल भरपूर झालं, ज्याला चावीने आवळायचा चक (बिट, म्हणजे भोक पाडणारी दांडी, पकडणारा जबडा) असतो आणि वर हातोडीच्या चित्राचं बटन असतं ते. लोक यालाच हॅमर समजतात आणि तिथेच घोळ होतो. याच्या आत दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून उड्या मारतात, मिनिटाला चाळीस-चाळीस हजार ठोके, पण प्रत्येक ठोका म्हणजे नुसती टिचकी, आणि जोर तुम्ही मागून द्यायचा. काँक्रीटला टिचकीने काय होतंय.

त्याला रोटरी हॅमर लागतो. त्यात पिस्टन असतो, हवा दाबून आतला ठोकळा बिटच्या मागे आपटतो, ठोके मिनिटाला चार-पाच हजारच पण एकेक सणसणीत. बिट पण वेगळं, एसडीएस प्लस म्हणतात, मागची दांडी 10 एमएमची आणि तिला खाचा, चावी नाही, ढकललं की खट्कन बसतं. मशीन वजनाला जड, पण दाबायचं नाही, नुसतं धरायचं, काम ते करतं.

मागच्या दिवाळीच्या आधी एक काका तणतणत आले, बिट बोगस दिलंत म्हणून. हातात घेतलं तर टोक निळं-काळं पडलेलं आणि पुढची कार्बाइडची पात गायब. वीस मिनिटं इम्पॅक्ट ड्रिल छातीने रेटून धरलेलं, मायवानची भिंत, भोक झालं अर्धा इंच. रोटरी हॅमर भाड्याने दिला, संध्याकाळी हसत परत आले, म्हणे चार भोकं पाडायला चहा गार होईपर्यंत पण वेळ नाही लागला. (बिट तापलं की पाण्यात बुडवू नका, पात तडकते. नुसतं थांबा. आणि मुळात फिरतंय पण शिरतच नाहीये असं असेल तर आधी रिव्हर्सचं बटन बघा, हसू नका, महिन्यात दोन जण तरी त्यासाठी येतात.)

सिपोरेक्सला उलटं, हातोडी बंद ठेवा, नाहीतर भोक ढिलं होतं आणि प्लग (स्क्रू पकडायला भोकात बसवतात ती नळी) गरगर फिरतो. तिथे लांब नायलॉनचा प्लग घ्या. टाइल्सवरही हातोडी बंद, टाइल पार होईपर्यंत टाइलचंच बिट, खाली मास्किंग टेप लावा म्हणजे घसरणार नाही. व्हिट्रिफाइड टाइलला डायमंड बिट आणि थोडं थोडं पाणी, पण पाणी मशीनवर नको.

काँक्रीटमध्ये मध्येच ड्रिल एकदम अडलं, आवाज बदलला, चकचकीत काहीतरी दिसलं, तर ती सळई. तिच्याशी भांडू नका, दीड-दोन इंच बाजूला सरका. बिट अडकलं तर मशीन मनगट पिरगाळतं म्हणून साइड हँडल लावल्याशिवाय काम करायचं नाही. रोटरी हॅमरला त्यासाठी क्लच असतो, बिट अडकलं की तो फिरणं सोडवतो, साध्या ड्रिलला बहुतेक वेळा नसतो.

वायरिंगचं मात्र अगदी मनावर घ्या. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक नकोच, पाइप तसाच गेलेला असतो. बाथरूममध्ये नळाच्या रेषेतही नको. गॉगल घाला, विशेषतः डोक्यावर भोक पाडताना.

प्लग 8 एमएमचा तर बिट पण 8 चं, स्क्रू साधारण 5 चा. भोक प्लगपेक्षा सेंटिमीटरभर खोल घ्या, बिटवर टेप गुंडाळून खूण करा, आणि भुकटी सायकलच्या पंपाने उडवा (डोळे मिटून), नाहीतर प्लग अर्ध्यातच अडतो. पडद्याच्या रॉडला 6 किंवा 8 पुरतो, पण गिझरला आणि एसीच्या बाहेरच्या युनिटला प्लॅस्टिकचा प्लग नको, लोखंडी अँकर फास्टनर घ्या.

आता विकत घ्यायचं की नाही. आमचा धंदा विकायचा आहे तरी सांगतो, घर काँक्रीटचं असेल आणि वर्षातून चार फोटो नि एक रॉड एवढंच काम असेल तर रोटरी हॅमर एका दिवसासाठी भाड्याने न्या, 20-26 एमएमचं (म्हणजे काँक्रीटला जास्तीत जास्त एवढं भोक पाडणारं) मशीन घरकामाला पुरे, विकत घेऊन माळ्यावर टाकू नका. सारखं काही ना काही करायची हौस असेल तर घ्या बिनधास्त. भाड्याने नेताना बिट बसवून, चालवून दाखवल्याशिवाय आम्ही देत नाही. सोसायटीत दुपारची झोपायची वेळ असते ती आधी विचारून घ्या, भाडं दिवसाचं असतं, ते दोन तास वाया जातात.

आणि भिंत कसली ते कळतच नसेल तर भोकातली भुकटी कागदाच्या पुडीत बांधून आणा, रंग बघून सांगतो.