अनियमित पाळीचे मूळ कुठे असते?

मराठवाड्यातील दवाखान्यात पाळीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला तारीख विचारली, तर पुष्कळदा उत्तर तिथीत मिळते: ‘एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आली होती.’ हे उत्तर अडाणीपणाचे समजण्याचे कारण नाही. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा असतो आणि पुष्कळ स्त्रियांचे पाळीचक्रही त्याच्या आसपासचे असते, म्हणून तिथीचा हिशेब चांगला जुळतो. इंग्रजी तारखेचा हिशेब मात्र फसवतो. समजा ५ जानेवारीला पाळी आली आणि चक्र नेमके २८ दिवसांचे आहे. लीप वर्ष नसेल तर पुढची पाळी २ फेब्रुवारीला, त्यानंतरची २ मार्चला आणि त्यापुढची ३० मार्चला येईल. मार्चमध्ये पाळी दोनदा आली म्हणून ही स्त्री घाबरून जाते, प्रत्यक्षात तिची पाळी अगदी नियमित असते.

मोजणी करायची ती रक्तस्रावाच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. प्रौढ स्त्रीमध्ये हे अंतर २४ ते ३८ दिवसांचे असेल, रक्तस्राव ८ दिवसांच्या आत थांबत असेल आणि सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या चक्रात आठवडाभराहून फारसा जास्त फरक पडत नसेल, तर काळजीचे कारण नसते. न्हाण आल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मुलींची चक्रे २१ ते ४५ दिवसांपर्यंत मागेपुढे होतात, चाळिशीनंतर पाळी जाण्याच्या आधीची काही वर्षेही अशीच अस्थिर असतात आणि बाळ अंगावर पीत असताना पाळी न येणे हे तर स्वाभाविकच आहे.

पाळीची तारीख गर्भपिशवी ठरवत नाही, हे समजले की पुढचे सारे सोपे होते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला संदेश देतो, पिट्युटरी बीजकोशाला देते, बीजकोशात बीज वाढू लागते आणि त्याबरोबर तयार होणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे (हार्मोनमुळे) पिशवीचे अस्तर जाड होते. बीज बाहेर पडल्यावर सुमारे दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक तयार होते व ते अस्तराला धरून ठेवते. ते ओसरले की अस्तर गळते आणि पाळी येते. महालक्ष्म्यांच्या सणासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांनी हे स्वतःच अनुभवलेले असते. त्या गोळ्यांमध्ये प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे औषध असते, म्हणून गोळ्या सुरू असेपर्यंत पाळी थांबते आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत येते. (रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास होऊन गेलेल्या स्त्रीने मात्र या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.)

ज्या महिन्यात बीजच बाहेर पडत नाही, त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉनही तयार होत नाही. अस्तर वाढतच राहते आणि पुढे केव्हातरी अवेळी, जास्त प्रमाणात, आठ-दहा दिवस अंगावर जात राहते. त्रास पिशवीतून दिसतो, पण कारण बहुधा वरच्या साखळीत असते. पुरेसे अन्न न मिळता अतिश्रम झाले, वजन एकदम घटले किंवा मनावर मोठा ताण आला, की हायपोथॅलॅमस आपले संदेश आवरते घेतो. दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जाऊन पहाटेपासून मोळ्या वाहणाऱ्या, खाडा पडू नये म्हणून आजारपण अंगावर काढणाऱ्या ऊसतोड बाईच्या बाबतीत हा विचार सर्वांत आधी व्हायला हवा. थायरॉइडचा बिघाड आणि प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढणे हीही नेहमीची कारणे आहेत. गर्भनिरोधक इंजेक्शन घेणाऱ्या स्त्रीची पाळी विस्कळीत होणे किंवा बंद होणे हा त्या औषधाचाच परिणाम असतो, तर तांबीमुळे रक्तस्राव वाढू शकतो.

शहरांत आणि आता तालुक्याच्या गावांतही पीसीओएसचे, म्हणजे बीजकोशातून बीज वेळेवर बाहेर न पडण्याच्या संप्रेरकांच्या विकाराचे नाव वारंवार ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील १० ते १३ टक्के स्त्रियांना हा विकार असतो. सोनोग्राफीत ज्यांना गाठी म्हटले जाते, त्या वाढ अर्धवट थांबलेल्या बीजांच्या लहान पिशव्या असतात. त्यांचे ऑपरेशन करावे लागत नाही. वजन जास्त असल्यास ते ५ ते १० टक्क्यांनी उतरले तरी अनेकींची पाळी सुधारते. तरीही ‘येत नाही तेच बरे’ म्हणून वर्षानुवर्षे गप्प बसणे धोक्याचे आहे, कारण न गळलेल्या अस्तराची वाढ पुढे कर्करोगाकडे वळू शकते. म्हणून उपचार न घेता सलग तीन महिने पाळी आली नाही, तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. या विकारात मधुमेहाची शक्यताही वाढते, त्यामुळे रक्तातील साखर तपासून घ्यावी.

तपासणीची सुरुवात साधी असते. पाळी चुकली असेल तर लग्न झालेल्या प्रत्येकीने, नसबंदी झालेली असली तरी, आधी गरोदरपणाची लघवीची तपासणी करावी. त्यानंतर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. अशा शरीराला जास्तीचा रक्तस्राव परवडत नाही. लोहाची गोळी चहासोबत न घेता लिंबूपाण्याबरोबर घेतली तर अंगी जास्त लागते. तासाला एक पॅड किंवा कपड्याची घडी पूर्ण भिजत असेल, चक्कर येत असेल किंवा पाळी गेल्यानंतर वर्षभराने पुन्हा रक्त दिसले असेल, तर घरी थांबू नये.

औषधे भरपूर आहेत: रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, संप्रेरकांच्या गोळ्या, पिशवीत बसवायचे हार्मोनयुक्त साधन. असे असताना बीड जिल्ह्यात काय घडले, हे आठवले की जीव कळवळतो. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत तिथल्या १३ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पिशवी काढलेली आढळली. मोठे फायब्रॉइड (पिशवीतल्या कर्करोग नसलेल्या गाठी), कर्करोग किंवा औषधांना दाद न देणारा रक्तस्राव असेल तर पिशवी काढणे योग्यच आहे, पण नुसती अनियमित पाळी किंवा पांढरे जाणे हे त्याचे कारण होऊ शकत नाही. ‘आज काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे कुणी सांगितले, तर अस्तराच्या तुकड्याची तपासणी झाली आहे का ते विचारावे आणि छत्रपती संभाजीनगरचे घाटी किंवा अंबाजोगाईसारख्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दुसरे मत घ्यावे. बीजकोश ठेवणार की काढणार, हेही सही करण्याआधी विचारावे. तरुणपणीच दोन्ही बीजकोश गेले की इस्ट्रोजेन एकदम थांबते, हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. ज्यांचे असे ऑपरेशन आधीच झाले आहे, त्यांनी जुने कागद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत संप्रेरकांचा उपचार अनेकींना घेता येतो आणि तो द्यायचा की नाही, हे त्या कागदांवरून आणि तपासणीवरून ठरवता येते.