आहार आणि स्तनाचा कर्करोग

स्त्रियांच्या खाण्याच्या सवयी आणि स्तनाच्या कर्करोगाची जोखीम यांमधील संबंध. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. पुणे, मुंबई यांसारख्या शहरांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केव्हातरी त्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला मागे टाकले असावे. याच काळात शहरी आहारात तेल, साखर व मैदा वाढला, म्हणून दोन्हींची सांगड घातली जाते. मात्र लग्न व बाळंतपण लांबणे, अपत्ये कमी होणे आणि स्तनपानाचा काळ घटणे हे बदलही त्याच काळातले, आणि जोखमीवरील त्यांचा प्रभाव अधिक भक्कमपणे सिद्ध झाला आहे.

स्निग्ध पदार्थांचा वाद : संशोधक टॅननबॉम यांनी १९४२ मध्ये स्निग्ध आहारावरील उंदरांत स्तनाच्या गाठी अधिक होतात असे दाखवले. आर्मस्ट्राँग व डॉल या संशोधकांनी १९७५ मध्ये निरनिराळ्या देशांची आकडेवारी ताडून पाहिली. जेथे स्निग्ध पदार्थ जास्त खाल्ले जातात तेथे हा रोगही जास्त, असे त्यांना आढळले. देशादेशांमधील तुलनेत संपत्ती, उंची, पाळी सुरू होण्याचे वय असे अनेक फरक मिसळलेले असतात, ही या पद्धतीची मोठी उणीव. पुढे १९९६ मध्ये सात पाहणीगटांतील सुमारे ३ लाख ३८ हजार स्त्रियांची माहिती एकत्र केली असता असा संबंध दिसला नाही. अमेरिकेत रजोनिवृत्तीनंतरच्या ४८,८३५ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. कमी स्निग्ध आहार घेणाऱ्या गटात रोगाचे प्रमाण ९ टक्क्यांनी कमी होते, पण हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीला किंचित कमी पडला, म्हणजे तो योगायोगाचाही असू शकतो. एकूण उष्मांकांपैकी २० टक्केच स्निग्ध पदार्थांतून यावेत, हे ठरलेले लक्ष्य बहुतेकींना गाठता आले नव्हते, हेही ध्यानात घ्यावे लागते. सुमारे वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर त्याच गटात स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २१ टक्क्यांनी कमी आढळले. एकंदरीत, स्निग्ध पदार्थ हे स्वतंत्र कारण मानण्यापेक्षा शरीरातील मेदावर लक्ष देणे अधिक सयुक्तिक दिसते.

मेद व मद्य : रजोनिवृत्तीनंतर अंडाशयांतील इस्ट्रोजेन (स्तनपेशींच्या वाढीला चालना देणारे स्त्री-संप्रेरक) घटते आणि मेदपेशींतील अ‍ॅरोमॅटेज हे विकर (एन्झाइम) इस्ट्रोजेन तयार करू लागते. त्यामुळे या वयातील स्थूलता जोखीम वाढवते. रजोनिवृत्तीपूर्वी हा संबंध उलट दिसतो. त्याचे कारण पुरते उलगडलेले नाही. मद्याबाबत मात्र शंका उरलेली नाही. दररोज १० ग्रॅम अल्कोहोलमागे जोखीम सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, आणि वाइन किंवा बिअर असल्याने सूट मिळत नाही.

पुण्याचा संदर्भ : याज्ञिक व युडकिन या दोन संशोधकांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचा देहमानांक (बीएमआय, उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण मेद एकाचा २१.२ टक्के, दुसऱ्याचा ९.१ टक्के, जास्त मेद पुण्यातील याज्ञिकांचा. पुण्याजवळील खेड्यांतील नवजात बालकांतही हे ‘सडपातळ-मेदस्वी’ (दिसायला बारीक, पण मेद जास्त) रूप नोंदले गेले आहे. हे संशोधन मधुमेहाच्या अंगाने झाले. तरी केवळ वजनकाट्यावरून भारतीय स्त्रीची जोखीम जोखू नये, असा कयास त्यावरून बांधता येतो. भारतीयांसाठी देहमानांक २३ पासून अतिवजन आणि स्त्रियांत ८० सेंमी. कंबर ही मर्यादा सुचवली जाते.

ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळी, पालेभाज्या यांतून चोथा (तंतुमय भाग, फायबर) मिळतो. चोथा सर्वाधिक व सर्वांत कमी खाणाऱ्यांची तुलना करता जोखीम सुमारे ८ टक्क्यांनी कमी दिसते; हा परिणाम माफकच म्हणावा लागेल. साबुदाण्यात चोथा जवळजवळ नसतो आणि खिचडीत तूप-शेंगदाणे भरपूर असतात, म्हणून एकादशीच्या फराळाला आहारनियंत्रण समजणे धोक्याचे. आजन्म शाकाहाराने संरक्षण मिळते, हा पुण्यात बराच रुजलेला समज. भारतातील अनेक केंद्रांत झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्याला आधार मिळाला नाही.

हळदीतील कुर्क्युमिनचा परिणाम प्रयोगशाळेतील पेशींवर दिसतो. माणसांत त्याने रोग टळतो असे सिद्ध झालेले नाही. निदान झाल्यावर भीतीपोटी दूध, डाळी, अंडी एकदम सोडून देणाऱ्या रुग्ण आहेत. त्यामुळे स्नायू झिजतात, अशक्तपणा येतो आणि प्रसंगी केमोथेरपीची मात्रा कमी करावी लागते किंवा फेरी पुढे ढकलावी लागते.