लिव्हिंग-लर्निंग कम्युनिटी

अमेरिकन कॉलेजांत एकाच विषयाची किंवा आवडीची पोरं-पोरी होस्टेलच्या एकाच मजल्यावर, कधी अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकत्र ठेवतात आणि बऱ्याचदा त्यांचे एकदोन कोर्सही एकत्रच लावतात, ती ही भानगड. कॅम्पसवर सगळे नुसतं एलएलसी म्हणतात. होस्टेलचा फॉर्म भरतानाच थीम निवडायची, काही ठिकाणी छोटा निबंधही लिहून द्यावा लागतो. थीम कुठलीही, इंजिनिअरिंग, पर्यावरण, फ्रेंच, स्टार्टअप, नाहीतर सायन्स शिकणाऱ्या मुलींचा वेगळा मजला.

याची सुरुवात बहुतेक जण अलेक्झांडर मिकलजॉन या शिक्षणतज्ज्ञाच्या एक्सपेरिमेंटल कॉलेजपासून धरतात. विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीत, मॅडिसनला, १९२७ मध्ये सुरू झालं, फक्त मुलांसाठी. पोरं अ‍ॅडम्स हॉलमध्ये राहायची, शिकवणाऱ्यांची ऑफिसंही तिथेच. पहिलं वर्ष पूर्ण प्राचीन अथेन्स, दुसरं वर्ष आधुनिक अमेरिका, आणि मधल्या उन्हाळ्यात आपापल्या भागाचा अभ्यास करून त्यावर मोठा रिपोर्ट लिहायचा, म्हणजे सुट्टी गेलीच! नेहमीसारखी लेक्चरं आणि विषयवार परीक्षा नव्हत्या. पण बाकीच्या प्राध्यापकांशी खटके उडत राहिले, अ‍ॅडमिशनही घटत गेल्या, त्यात मंदी आली आणि १९३२ ला गाशा गुंडाळला.

साठच्या दशकात युनिव्हर्सिट्या अवाढव्य झाल्या तेव्हा ही कल्पना परत वर आली. मिशिगन युनिव्हर्सिटीचं रेसिडेन्शियल कॉलेज १९६७ चं, ईस्ट क्वाड होस्टेलातच वर्ग भरायचे आणि सुरुवातीला ग्रेडऐवजी लेखी शेरे मिळायचे. कॉर्नेल युनिव्हर्सिटीचं रिझली होस्टेल १९७० पासून कलावाल्यांचं, तिथे पोरांनी स्वतः चालवलेलं थिएटर आहे. स्टॅनफर्डची उजामा, ओकाडा, कासा झपाटा ही घरं मात्र विषयावर नाहीत, ती अनुक्रमे कृष्णवर्णीय, आशियाई-अमेरिकन आणि लॅटिनो संस्कृतीवर आहेत, आणि ‘हे वेगळं राहणं बरं का’ हा वाद अशा घरांवरून अधूनमधून होतोच.

खरी गोम प्राध्यापकांत आहे. ते संध्याकाळी होस्टेलात येऊन बसत असतील, कोर्स होस्टेलशी जोडलेला असेल तर मजा, नाहीतर थीम दारावरच्या पाटीपुरती उरते आणि महिन्यातून एकदा फुकट पिझ्झा. आपल्याकडून एमएसला जाणाऱ्यांना हे सहसा मिळत नाही, कारण एलएलसी बहुतेक अंडरग्रॅडसाठी, त्यातही फर्स्ट इयरवाल्यांसाठी असतात, आणि एमएसवाले बरेचसे कॅम्पसबाहेर अपार्टमेंट शेअर करूनच राहतात.