पुन्हा म्हणणं वेगळं, तेच तेच बोलणं वेगळं

सांगली जिल्ह्यातल्या जतला पाण्याच्या प्रश्नावर सभा आहे असं धरा. पहिला वक्ता म्हणतो, ‘पाणी फार महत्त्वाचं आहे. पाण्याशिवाय जीवन नाही. पाणी म्हणजेच जीवन.’ दुसरा म्हणतो, ‘पाणी हवंय आटपाडीच्या डाळिंबाला. पाणी हवंय कवठेमहांकाळच्या द्राक्षाला. पाणी हवंय जतच्या दावणीला.’ दोघांनीही पाण्याचं नाव तीनदाच घेतलं. पण पहिल्याच्या वेळी लोक तंबाखू मळत बसतील, दुसऱ्याच्या तिसऱ्या वाक्याला माना डोलतील.

पहिली पुनरुक्ती, दुसरं ध्रुवपद. पुनरुक्तीत शब्द बदलतात, मजकूर जागच्या जागी राहतो. ध्रुवपदात शब्द ठाम राहतात, मजकूर पुढे सरकतो. ‘तेच पालुपद लावलंय’ म्हणत आपण दोन्ही एकाच मापात मोजतो, ते मला खटकतं. कीर्तनात टाळकरी ध्रुवपद उचलतात, पोवाड्यात झीलकरी शाहिराला साथ देतात. पुढचा शब्द ठाऊक असतो, म्हणून तर ऐकणारा त्यात सामील होतो.

दुसऱ्या महायुद्धातलं, ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांचं ४ जून १९४० चं भाषण बघा. जर्मनीपुढे हटून फ्रान्सच्या डंकर्क बंदरातून ब्रिटिश सैन्य नुकतंच माघारी आलेलं. ‘आम्ही लढू’ हे शब्द परत परत येतात, पण लढण्याच्या जागा कोणत्या? आधी फ्रान्स, मग समुद्र, आकाश, किनारे, शेतं आणि रस्ते, शेवटी डोंगर. म्हणजे शत्रू घरात शिरत चाललाय. ही भीती त्यांनी लपवली नाही, आणि निर्धार मात्र तसूभर हलला नाही. मग साचा मोडतो: ‘आम्ही कधीही शरण जाणार नाही.’ त्या मोडण्यातच सगळा जोर आहे.

२८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनमध्ये, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या ‘माझं एक स्वप्न आहे’लाही दर वेळी नवं चित्र जोडलेलं होतं: जॉर्जियाच्या लाल टेकड्या, मिसिसिपी, स्वतःची चार लेकरं.

यात धोकाही आहे. १९७७ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात पुन्हा पुन्हा समोर आलेली विधानं लोकांना जास्त खरी वाटू लागली, खोटी असली तरीही. म्हणून वक्तृत्व स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलांना मी सांगते, ध्रुवपद बोटाने झाका आणि उरलेलं वाचा. जतच्या दुसऱ्या भाषणात डाळिंब, द्राक्ष, दावण उरते. पहिल्यात ‘जीवन’ तेवढं दोनदा उरतं.