लॅसिकनंतर मायनस नंबर राहिला असेल तर

लॅसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर उतरवणारी लेझर शस्त्रक्रिया, झाल्यावर दूरचे पुन्हा अंधुक दिसू लागले की केलेली शस्त्रक्रिया वाया गेली असे वाटते आणि दुसऱ्यांदा लेझर करून घेण्याची घाई होते. अशा वेळी आम्ही आधी थांबायला सांगतो, कारण नंबर का राहिला हे कळल्याशिवाय पुन्हा लेझर करणे आम्हाला योग्य वाटत नाही.

कधी पहिल्या वेळी नंबर थोडा कमी उतरलेला असतो, तर कधी मूळ नंबर मोठा असल्यास कॉर्नियावरचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरचा, नाजूक थर जाड होऊन तो काही अंशी परततो. मात्र कोरड्या डोळ्यांमुळे, रक्तातील साखर वरखाली झाल्याने किंवा मोतीबिंदूच्या सुरुवातीमुळेही नंबर बदलतो आणि तिथे कारणावरच उपचार करावा लागतो. कॉर्निया कमकुवत होऊन पुढे फुगू लागला असेल, तर पुन्हा लेझर केल्याने अपायच होतो. म्हणून कॉर्नियाचा नकाशा काढणारी टोपोग्राफी तपासणी आम्ही कोणालाही टाळू देत नाही.

पहिल्या शस्त्रक्रियेला किमान 3 महिने झालेले असावेत आणि काही आठवड्यांच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्यांत नंबर सारखाच यावा. त्यानंतर प्रश्न उरतो जाडीचा. समजा, आता कॉर्निया 480 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड आहे आणि त्यातला फ्लॅप, म्हणजे लॅसिकच्या वेळी कापून उचललेला वरचा पातळ थर, 110 मायक्रॉनचा आहे, तर खाली 370 मायक्रॉन उरतात. एक नंबर उतरवायला साधारण 12 ते 15 मायक्रॉन खर्ची पडतात, म्हणजे सव्वा नंबरासाठी वीसच्या आत. फ्लॅपखाली निदान 250 मायक्रॉन शिल्लक राहावेत असा संकेत आहे. आम्ही 300 च्या खाली जायला नाखूष असतो.

फ्लॅप जुना असेल, तर तो उचलल्यास त्याच्या कडेने वरच्या पेशी आत शिरण्याचा धोका वाढतो. अशा डोळ्यांत बहुधा फ्लॅप न उचलता पृष्ठभागावरच लेझर केले जाते, ज्याला पीआरके म्हणतात. त्यात पहिले काही दिवस डोळा दुखतो, संरक्षक लेन्स घालावी लागते आणि नजर स्थिरावायला काही आठवडे, क्वचित महिने लागतात.

चाळिशी ओलांडलेल्यांनी एक गोष्ट स्वतः करून पाहावी, असा आमचा आग्रह असतो. उरलेल्या, समजा पाऊण, नंबराची काच चाचणीच्या फ्रेममध्ये घालून आधी दूरची पाटी वाचावी आणि मग तीच फ्रेम न काढता औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरे वाचावीत. दूरचे लख्ख झाले, पण ती अक्षरे पुसट झाली, तर हा उरलेला नंबर तुम्हाला जवळच्या कामात मदत करतो आहे असे समजावे. तसे असल्यास रात्री गाडी चालवताना पातळ चष्मा वापरणे आम्हाला अधिक शहाणपणाचे वाटते.

तपासणीला येताना पहिल्या शस्त्रक्रियेआधीचा नंबर, कॉर्नियाची जाडी आणि फ्लॅपची नोंद असलेले कागद आणावेत. ते पुढेही जपून ठेवावेत, कारण उद्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करायची झाली, तर आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना त्याच नोंदींचा उपयोग होतो.