सूत्की : रात्रीसकट दिवस

‘दिवस मावळला’ यातला दिवस उजेडापुरता आणि ‘आठवड्याचे सात दिवस’ यातला चोवीस तासांचा. रशियन भाषेतला ‘द्येन’ हा शब्दही असाच दुहेरी आहे. पण रात्रीसकट पूर्ण दिवसासाठी तिथे वेगळा शब्द आहे, ‘सूत्की’. मुळात त्याचा अर्थ सांधा. दिवस आणि रात्र एकमेकांना भिडतात ती जागा. आपल्याकडे ‘अहोरात्र’ आणि ‘अष्टौप्रहर’ आहेत, पण ते आता ‘सतत’ या अर्थाने उरलेत. खोलीचं भाडं तीन अहोरात्रांचं किती, असं कुणी विचारत नाही.

रशियात मात्र भाडं सूत्कीवर ठरतं. रात्रभर उघड्या औषधाच्या दुकानावर ‘क्रुग्लासूतच्ना’ अशी पाटी असते. क्रुग म्हणजे वर्तुळ. पहारेकऱ्यांची पाळी बऱ्याचदा ‘एक सूत्की काम, तीन सूत्की सुट्टी’ अशी. रशियाच्या अगदी उत्तरेकडच्या मुर्मान्स्क शहरात डिसेंबरच्या सुरुवातीपासून साधारण ४० दिवस सूर्य क्षितिजावर येत नाही. तिथे उजेडाचा दिवस हरवतो, सूत्की चालूच राहते.

खगोलशास्त्राला हा शब्द फार सोयीचा. ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पुरी करते. ती नाक्षत्र सूत्की. पण तेवढ्या वेळात ती सूर्याभोवतीही सुमारे एक अंश पुढे सरकलेली असते. सूर्य पुन्हा डोक्यावर यायला तिला तेवढं जास्त वळावं लागतं आणि त्यात जवळपास चार मिनिटं जातात. म्हणून घड्याळाची, म्हणजे सौर सूत्की २४ तासांची. मंगळाची २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांची.

एवढा नेमका शब्द व्याकरणात मात्र अडखळतो. तो नेहमी अनेकवचनी, त्यामुळे त्याच्याआधी दोन, तीन, चार हे साधे आकडे चालत नाहीत. ‘द्वोये’, ‘त्रोये’ अशी खास समूहवाचक रूपं लागतात. ती रूपं बावीस, तेवीस, चोवीसला जोडता येत नाहीत. एकवीस सूत्की म्हणता येतात, पंचवीसही म्हणता येतात. बावीस म्हणायची वेळ आली की शुद्ध बोलणारा रशियन माणूस वाक्य फिरवतो, नाहीतर मुकाट्याने ‘द्येन’कडे परततो.